जपानात माकडवाल्याच्या मागावर

पहिला दिवस : उएनो

आदल्या रात्री निशी-कासाईला भाचीच्या घरी पोचले तेव्हा तिने आमटी-भात करून ठेवला होता. या भागात आपल्याकडची इतकी माणसं राहतात की तूरडाळ, हिंग, मेथीदाणे सगळं चालत जाऊन आणता येतं. त्यामुळे आपण जपानात आलोय हे पटायला मला सकाळ उजाडावी लागली.

मी सांगलीत शाळेत एकतीस वर्षं चित्रकला शिकवली. आमच्या ग्रंथालयात जपानी चित्रांचं एक जुनं पुस्तक होतं, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. त्यात एका पानावर खांद्यावर माकड घेतलेला माणूस होता. हातात छडी, आणि माकडापासून त्याच्या मुठीपर्यंत गेलेली एकच रेघ, कुंचला न उचलता मारलेली. ती दोरी. रेघ कशी जिवंत असते हे पोरांना सांगायचं झालं की मी तेच पान उघडायची. "बाई, हा तर आपला माकडवाला!" असं कुणीतरी दरवर्षी ओरडायचं. पुढेपुढे ओरडणारं कुणी उरलं नाही. १९९८ साली केंद्राच्या अधिसूचनेने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांचे खेळ करायला बंदी आली, आणि माकडवाला पाहिलेली पोरंच वर्गात येईनाशी झाली. बंदी योग्यच होती. माकड सुटलं, याचा आनंद आहे. माकडवाल्याचं पुढे काय झालं, ते मात्र कुणी फारसं विचारलं नाही. मीही नाही.

तर निवृत्तीचे पैसे हातात आल्यावर ठरवलं, फुजी आणि साकुरा राहू देत, आपण चित्रांतले खेळवाले आणि त्यांची जनावरं बघायची. भाची म्हणाली, "मावशी, माकडवाला शोधायला जपानला येणारी तू पहिलीच."

सुरुवात तोक्यो नॅशनल म्युझियमपासून. मुख्य इमारतीत वरच्या मजल्यावर नेत्सुकेंची वेगळी खोली आहे, राजपुत्र ताकामादो यांच्या संग्रहातली. किमोनोला खिसा नसतो. त्यामुळे तंबाखूची थैली, औषधांची डबी अशा वस्तू दोरीला बांधायच्या, ती दोरी कमरेच्या पट्ट्यामागून वर काढायची आणि वरून निसटू नये म्हणून तिच्या टोकाला एक ठोकळा अडकवायचा. तो ठोकळा म्हणजे नेत्सुके. काम एवढंच, पण त्या सुपारीएवढ्या वस्तूवर लोकांनी आयुष्यं घालवली. या खोलीतले बहुतेक नमुने आजकालच्या कारागिरांचे आहेत. सुंदर आहेत, पण काचेमागे. नेत्सुके हातात घेऊन उलटा करून बघायची वस्तू. समोरून बघणं म्हणजे पुरणपोळी नुसती वासावर.

बाहेर उएनोच्या बागेत एक तरुण मुलगा पाच चेंडू झेलत होता. शेजारी परवान्याचा फलक. तोक्यो महानगर सरकार २००२ पासून रस्त्यावरच्या कलाकारांची परीक्षा घेऊन असे परवाने देतं, 'हेवन आर्टिस्ट' म्हणून. भाची म्हणाली, इथे डोंबाऱ्यालाही परीक्षा द्यावी लागते. मी म्हटलं, आपल्याकडे तो रोजच देतो, परवाना तेवढा मिळत नाही.

दुसरा दिवस : असाकुसा आणि र्‍योगोकु

सेन्सोजीच्या देवळात गर्दी म्हणजे पंढरपूरचा एखादा साधा दिवस. आम्ही दर्शन उरकून मागच्या बाजूला गेलो. या मागच्या भागाला एदोकाळी ओकुयामा म्हणायचे. तोक्योचं तेव्हाचं नाव एदो. देवापुढे हात जोडले की मागे येऊन लोक खेळ बघायचे. इथल्या भोवरेवाल्यांत मात्सुई गेन्सुइ हे नाव पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. भोवरे तलवारीच्या पात्यावर, दोरीवर फिरवून गर्दी जमवायची आणि मग विकायचं काय, तर दंतमंजन! मी हसत सुटले. आमच्या बाजारात मुंगसाची आणि सापाची लढाई लावतो लावतो म्हणत शेवटी दंतमंजनच विकणारा एक जण होता. लढाई मी एकदाही पाहिली नाही.

१८४१ साली याच ओकुयामात किकुकावा कुनिमारू नावाच्या माणसाच्या चेंडूच्या कसरतींनी धमाल उडवली होती. चित्रकार उतागावा कुनियोशीने त्यावर ठसाचित्र काढलं, पण त्यात कुनिमारू नाही, मांजरं आहेत. म्युझियमच्या दुकानात त्याचं पोस्टकार्ड मिळालं होतं. देवळामागच्या बाकावर बसून ते नीट पाहिलं. एक मांजर चेंडू डोक्यावर तोलतंय, एकाने तो पाठीवर घेतलाय. अंगात झगझगीत पोशाख, आणि चेहऱ्यावर कसरत करणाऱ्याचा तो नेहमीचा भाव, म्हणजे 'यात काही विशेष नाही' असा. शेपटी मात्र मांजराचीच, ताठ. तोल सांभाळताना मांजराची शेपटी नेमकी काय करते हे घरात मांजर असल्याशिवाय काढता येत नाही. कुनियोशीकडे ती भरपूर होती. किमोनोच्या आत पिल्लू घेऊन तो चित्रं काढत बसायचा म्हणतात.

पुढच्याच वर्षी, १८४२ मध्ये, सरकारने नटांची आणि गणिकांची चित्रं छापायला बंदी केली. चैन नको, छानछोकी नको असा तो काळ. मग मांजर, चिमणी, मासे यांनाच नटांचे चेहरे मिळाले. ग्राहक ओळखायचा, अधिकाऱ्याला बोट ठेवता यायचं नाही. जनावर माणसाची सोंगं करतं ती अशी.

असाकुसाच्या उत्तरेला आज बूट-चपलांची आणि चामड्याची दुकानं दिसतात, त्याला कारण आहे. एदोतल्या बहिष्कृत जातींचा प्रमुख, दान्झाएमोन, इथेच राहायचा. चामडं काढणारे, फासावर चढवणारे, आणि 'सारुमावाशी' म्हणजे माकडवाले, सगळे त्याच्या अखत्यारीत. १८७१ साली हुकूम काढून हा भेद कायद्याने संपवला गेला. लोकांच्या मनातून तो तेवढ्या चटकन गेला नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही. ज्याला घरात घेत नाहीत, त्याचं चित्र मात्र घरात. हे सगळं वाचून होते, पण त्या दुकानांसमोरून चालताना पाय जरा जड झाले.

नदी ओलांडून र्‍योगोकुला. इथल्या पुलाच्या दोन्ही टोकांना तमाशे, म्हणजे 'मिसेमोनो' भरायचे. डच व्यापाऱ्यांनी १८२१ साली उंटांची एक जोडी नागासाकीला आणली, ती फिरतफिरत १८२४ मध्ये एदोला पोचली. ठसाचित्रांत उंटांबरोबर चिनी वेषातले वाजंत्रीवाले दाखवतात, सगळा प्रकार परदेशी वाटावा म्हणून. जोडी सदा एकमेकांना चिकटून, त्यामुळे बघितली की नवराबायकोत गोडी वाढते अशी आवई उठली. १८६३ मध्ये हत्ती आला. योशितोयोच्या चित्रावर त्याचा जन्म 'मध्य तेन्जिकुमधल्या मलाक्का देशात' झाल्याचं छापलंय. तेन्जिकु म्हणजे भारत. भूगोल गेला चुलीत, लांबून आलेलं सगळं भारतातलंच! हा प्राणी एकदा पाहिला की सात संकटं टळतात, असंही चित्रावर आहे. जाहिरात तेव्हाही अशीच होती.

चित्रकार होकुसाई इथलाच, १७६०चा जन्म. त्याच्या नावाचं संग्रहालय २०१६ साली उघडलं. बाहेरून अॅल्युमिनियमचा चकचकीत डबा, मला काही आवडला नाही. आत मात्र म्हाताऱ्या होकुसाईची खोली उभी केलीय: गोधडी पांघरून जमिनीवर ओणवा होऊन चित्र काढणारा होकुसाई, शेजारी लेक ओई, भोवती कागदांचे बोळे. पुतळ्याचा हात अधूनमधून हलतो. एक शाळकरी पोर दचकून आईला बिलगलं. होकुसाईच्या 'मांगा' नावाच्या चित्रवह्या इथे पडद्यावर पानं उलटत बघता येतात. तिसऱ्या वहीत चिमणीनाच करणारी माणसं आहेत, टोपीने चेहरे झाकलेले, फक्त हातपाय बोलतात. मी अर्धा तास त्या एका पानावर होते. भाची खाली कॉफी प्यायला गेली.

तिसरा दिवस : निक्को

असाकुसाहून तोबू कंपनीची गाडी दोनेक तासांत निक्कोला नेते. देवदाराच्या जातीची उंच झाडं, दगडी पायऱ्या, आणि त्यात सोन्याने, लाल-निळ्या रंगाने मढवलेलं तोशोगु देऊळ. १६३६ साली इएमित्सु शोगुनने, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाने, आजोबांसाठी बांधलं ते. माझ्या डोळ्यांना जरा जास्तच झालं, लग्नातल्या स्टेजसारखं. त्या सगळ्यात एकच इमारत बिनरंगाची, साध्या लाकडाची: देवाच्या घोड्याचा तबेला. आणि जगप्रसिद्ध तीन माकडं तिथे, तबेल्यावर!

लोक त्या एका पट्टीचा फोटो काढून पुढे पळतात. पट्ट्या आठ आहेत आणि एकूण सोळा माकडं. पहिल्या पट्टीत आई कपाळावर हात धरून लांब बघतेय, पिल्लाचं पुढे काय होणार ते. दुसरीत ती तिघं, वाईट पाहू-ऐकू-बोलू नये वाली. जपानीत 'झारू' म्हणजे 'न करणे' आणि सारू म्हणजे माकड, अशी कोटी. पुढे एक जण हिरमुसून बसलाय, दुसरा त्याच्या पाठीवर हात ठेवतोय. मग प्रेम, मग संसाराच्या लाटा, आणि शेवटच्या पट्टीत पोट आलेली माकडीण. तिथून गोष्ट परत पहिल्या पट्टीकडे. गांधीजींच्या टेबलावरची तीन माकडं आपल्याला पाठ, पण ती मुळात एवढ्या मोठ्या गोष्टीतलं बालवाडीचं पान आहेत, हे मला साठीला कळलं.

पण माकडं तबेल्यावर का? कारण माकड घोड्यांची रोगराई दूर ठेवतं असा समज. म्हणून तबेल्यात माकड बांधायचे, आणि म्हणूनच नववर्षाला सारुमावाशी सामुराईंच्या तबेल्यांत जाऊन माकड नाचवायचा. ज्याला एरवी उंबऱ्याबाहेर ठेवायचं, त्याला तबेल्यात मानाने बोलवायचं. हे ऐकल्यावर मला एकदम कॉलेजातलं संस्कृत आठवलं. हर्षाच्या 'रत्नावली'त राजाच्या तबेल्यातूनच माकड सुटतं आणि गळ्यातली तुटकी सोन्याची साखळी ओढत राजवाड्यात धुमाकूळ घालतं. तबेल्यात माकड कशाला ठेवलंय, असा प्रश्न तेव्हा आमच्यापैकी कुणालाच पडला नव्हता, परीक्षेला नव्हता म्हणून. तो समज इकडून तिकडे कसा गेला ते माहितगार सांगतील. मी भाचीला ती गोष्ट तिथेच उभ्या उभ्या ऐकवली. ती म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे साखळी सोन्याची."

समोरच्या कोठारावर दोन हत्ती कोरलेत, 'कल्पनेतले हत्ती' म्हणूनच ओळखले जातात. कच्चं चित्र कानो तान्यु या चित्रकाराचं, आणि त्याने हत्ती पाहिलेला नव्हता. कान विचित्र, अंगावर केसांसारखं काहीतरी, चेहरा मिशीतल्या मिशीत हसणाऱ्या काकांचा. चूक काढायला गेले आणि हात आखडला. पाहिलेलं नसताना इतकं वजन कसं काढलं असेल? झोपलेलं मांजर मात्र छोटंसं, दारावर. वर मान केल्याशिवाय दिसत नाही. त्याच्या मागच्या बाजूला चिमण्या आहेत. मांजर झोपलंय म्हणून त्या निवांत. हिदारी जिंगोरो नावाच्या कारागिराचं म्हणतात. मांजरापुढे दोनशे सात पायऱ्या आहेत. मी मांजरापाशीच थांबले.

चौथा दिवस : गाडीत

शिंकान्सेनने क्योतो. पाऊस, फुजी ढगात. डब्यात एकिबेन नावाचा विकतचा डबा खाताना भाचीने तिने पाहिलेलं एक क्योगेन सांगितलं. क्योगेन म्हणजे 'नो' या गंभीर नाटकांच्या मध्ये होणारं हलकं नाट्य. खेळाचं नाव 'उत्सुबोझारू', भात्याचं माकड. एका सरदाराला आपल्या बाणांच्या भात्यावर चढवायला कातडं हवंय. वाटेत माकडवाला भेटतो. सरदार म्हणतो, तुझ्या माकडाचं कातडं दे. तो नाही म्हणतो तर बाण रोखतो, दोघांनाही मारतो म्हणून. शेवटी माकडवाला म्हणतो, बाणाने कातडं खराब होईल, मीच मारतो. रडतरडत छडी उगारतो. आणि माकडाला वाटतं, खेळ सुरू झाला! ते छडी हातात घेऊन नाव वल्हवायची नक्कल करू लागतं. माकडवाल्याचा हात खाली येत नाही. सरदार विरघळतो, माकड वाचतं, मग सगळे नाचतात. सरदार अंगावरचे कपडेसुद्धा देऊन टाकतो आणि स्वतःच माकडासारख्या उड्या मारू लागतो.

माकड झालेलं असतं लहान मूल. क्योगेनच्या घराण्यांत पोरांचं पहिलं काम बहुतेक हेच, आणि कसलेल्या नटाची परीक्षा कोल्ह्याच्या भूमिकेत. माकडापासून सुरुवात, कोल्ह्यापाशी शेवट, अशी त्यांची म्हणच आहे. भाचीने पाहिलं तेव्हा मुखवट्यातून त्या पोराने मध्येच जांभई दिली होती. संपूर्ण थिएटर गलबललं, म्हणाली.

पाचवा दिवस : कोझानजी

क्योतो स्टेशनवरून बस डोंगरात चढत जाते, तासभर. तोगानोओला उतरलो तेव्हा आमच्याखेरीज दोन म्हाताऱ्या आणि एक जर्मन मुलगा. कोझानजीचं देऊळ म्हणजे झाडीत विखुरलेल्या चार-दोन इमारती. हे गाव चहाच्या जपानमधल्या सगळ्यात जुन्या मळ्यांपैकी एकासाठीही ओळखलं जातं, पण आम्ही आलो होतो 'चोजु-गिगा'साठी: बाराव्या-तेराव्या शतकातल्या चार गुंडाळ्या, फक्त शाईत. मूळ गुंडाळ्या तोक्यो आणि क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयांत असतात. इथे सेकिसुइ-इन नावाच्या दालनात प्रतिकृती ठेवलीय. कुणी म्हणेल, मग इतक्या लांब कशाला? कारण त्या रेघा याच डोंगरातल्या हवेत राहिल्या, आणि समोर व्हरांड्यात बसून दरीतली झाडं बघता येतात.

पहिली गुंडाळी अकरा मीटरची. ससे, बेडूक, माकडं. बेडूक सशाशी कुस्ती खेळतो, कान चावतो आणि उलथवतो. बेडकाच्या तोंडातून जोर केल्याची वाफ निघते, चार बारीक रेघा. एका मोठ्या पानासमोर बेडूक बुद्ध होऊन बसलाय आणि पुढे कफनी घातलेलं माकड पोथी वाचतंय. त्याच्याही तोंडातून रेघा, पण वाफेच्या नाहीत, मंत्राच्या. तेवढ्याच चार रेघा, फक्त जरा सैल! एकतीस वर्षं शिकवूनही ते सैल सोडणं मला साधलं नाही. एका जागी माकड मागे बघत पळतंय, ससे काठी घेऊन मागे, पुढे बेडूक उताणा पडलाय. काय झालं ते लिहिलेलं नाही. गुंडाळीत एकही अक्षर नाही.

मी अर्थातच दोरी शोधत होते. या माकडाच्या कमरेला दोरी नाही. तिसऱ्या गुंडाळीचा पहिला भाग मात्र माणसांचा आहे, देवळात घेतलेल्या पुस्तकात तो पाहिला: पटावरचे जुगार, कोंबड्यांची झुंज, कुत्र्यांची झुंज. आणि एका चित्रात दोन माणसं समोरासमोर बसून एकच दोरी दोघांच्या मानेत अडकवून ओढाओढी खेळतायत, बघणारे खिदळतायत. चौथीत कसरतवाले. जनावरं मोकळी, माणसांच्या मानेत दोरी. चित्रकाराचं नाव ठाऊक नाही. पूर्वी तोबा सोजो या भिक्षूचं घ्यायचे, आता अनेक हात असावेत असं मानतात.

देऊळ नव्याने उभं करणारे म्योए भिक्षू (११७३-१२३२) हे माझ्या गावीही नव्हते, आणि आता डोक्यातून जात नाहीत. त्यांना बुद्धाच्या देशात यायचं होतं. दोनदा तयारी केली. चीनच्या चांगआनपासून आपल्या राजगृहापर्यंत रोज अमुक चाललं तर किती दिवस लागतील, असा हिशेब कागदावर मांडला. एकदा देवाचा कौल आडवा आला, एकदा दुखणं. यायचं राहिलं. दालनात एक लाकडी कुत्र्याचं पिल्लू ठेवलंय. तसं पिल्लू ते जवळ बाळगायचे. मान जराशी तिरकी, कान पडलेले, 'जायचं का?' असं विचारणारं. राजगीर बघून आलेल्या शेजारणीला मी तिथूनच मेसेज केला. तिने विचारलं, तिथे खायला काय मिळतं?

सहावा दिवस : क्योतो

सकाळी योगेन-इन. सान्जूसान्गेन्दो या मोठ्या देवळाच्या रांगेत हजार माणसं, आणि रस्ता ओलांडला की हे छोटं देऊळ जवळजवळ रिकामं. फोटोला बंदी. सोतात्सु या चित्रकाराने देवदारी दारांवर काढलेले पांढरे हत्ती इथे आहेत. हे देऊळ १६२१ साली पुन्हा बांधलं तेव्हाचे. फोटोत नेहमी सपाट दिसतात. प्रत्यक्षात दार संपतं तिथे हत्ती संपतो. पाठीची कमान जाऊन चौकटीला भिडलीय, जागा पुरत नाही म्हणून सोंड आत दुमडलीय, मोठं जनावर छोट्या खोलीत कोंडल्यासारखं. पांढऱ्या रंगातून लाकडाचे उभे दोरे दिसतात, ते कातडीच्या सुरकुत्या होतात. देवळातल्या बाई छताकडे काठी करून फुशिमी किल्ल्यातल्या सामुराईंच्या रक्ताचे डाग दाखवत होत्या. सगळे वर बघत होते, मी हत्तीकडे.

दुपारी निजो किल्ला. १६२६ साली सम्राट येणार म्हणून कानो घराण्याच्या चित्रकारांनी रंगवलेल्या भिंती. आता खोल्यांत प्रती आहेत, मूळ पट वेगळ्या दालनात. पाहुण्यांना ताटकळत ठेवायच्या खोलीत वाघच वाघ. यांनी वाघ पाहिला नव्हता, बाहेरून आलेली कातडी पाहिली होती. त्यामुळे पट्टे अचूक, आणि आतला प्राणी मांजर. कातड्यांत बिबट्याचीही असायची, तर ती वाघीण समजून वाघांत बसवलीय! ताडोबात मी वाघ पाहिलाय, तो असा गुबगुबीत नव्हता. पण त्या खोलीत ताटकळणाऱ्या सरदारांनीही वाघ पाहिला नव्हता. त्यांची गाळण उडायला हा पुरला.

चालताना ऐकलेली एक हकिकत इथेच सांगते. १७२८ साली व्हिएतनामहून दोन हत्ती नागासाकीला उतरले. मादी काही महिन्यांत गेली. नर पुढच्या वर्षी पायी एदोला निघाला. वाटेत क्योतोत सम्राटाला बघायचा होता, पण हुद्दा नसलेल्याला दरबारात प्रवेश नाही. मग हत्तीला चौथ्या श्रेणीचा हुद्दा दिला म्हणतात! शोगुनने पाहून झाल्यावर त्याचं खाणं परवडेना, आणि १७४२ मध्ये तो एदोजवळ मेला. पुढे चौकोनी ठिपक्यांत हत्ती रंगवणारा इतो जाकुचू तेव्हा क्योतोत तेरा वर्षांचा पोरगा होता. रस्त्यावर गर्दीत असणारच की.

संध्याकाळी शिन्मोन्झेन गल्लीत जुन्या वस्तूंच्या एका दुकानात शिरलो. मालक आजोबांना भाचीने जपानीत सांगितलं, मावशीला माकडवाला हवाय. ते आत गेले आणि छोटी पेटी घेऊन आले. कापसात तो होता. हस्तिदंती, दोन बोटं उंचीचा. उकिडवा बसलेला माणूस, खांद्यावर माकड, आणि माकड त्याच्या केसांत उवा शोधतंय. माणसाचे डोळे मिटलेले, सुखाने. आजोबांनी तो सरळ माझ्या तळहातावर ठेवला. गार वाटला, मग मिनिटाभरात हाताइतका कोमट झाला. दोरी होती, पण हवेत नाही. नेत्सुकेला टोकं चालत नाहीत, कपड्यात अडकतात. म्हणून दोरी माकडाच्या कमरेपासून माणसाच्या पाठीवरून, अंगाला चिकटून खाली आलेली, केसाएवढ्या जाड पिळांसकट. उलटा केला. कमरेच्या पट्ट्याला घासणारी बाजू साबणासारखी झालेली, आणि तिथे दोन भोकं, एक मोठं, एक लहान. थैलीची खरी दोरी यातून ओवायची, गाठ मोठ्या भोकात लपते.

म्हणजे माकडाची दोरी माणसाच्या हातात, आणि माणसाच्या अंगातून आरपार गेलेली दुसरी दोरी कुणा व्यापाऱ्याच्या कमरेला. मी भाचीला दाखवलं. ती काही बोलली नाही, फक्त करंगळीचं टोक त्या भोकावर ठेवून बघितलं.

किंमत विचारली नाही. हस्तिदंत भारतात आणताच येत नाही. आजोबांना ते ठाऊक असावं, पण त्यांनी चहा दिला आणि आणखी एक बैल दाखवला, तोमोतादा या जुन्या कारागिराच्या घडणीचा. तोमोतादाचा का, विचारल्यावर हसले. त्याच्या बैलांच्या नकला १७८१च्या एका पुस्तकातच नोंदवल्यात म्हणे, तेव्हा 'घडणीचा' एवढंच.

सातवा दिवस

पाय सुजले. परतीची गाडी, गरम पाण्याची बादली, कढी-खिचडी.

आठवा दिवस : ओदाइबा

शेवटच्या दिवशी भाची म्हणाली, चल, तुला खराखुरा दाखवते. ओदाइबाला समुद्राकडे तोंड करून लांबलचक लाकडी फलाट आहे. तिथे दोरखंडाचा गोल आखून पंचविशीची एक मुलगी उभी होती, शेजारी लाल जाकीट घातलेलं माकड. जपानी माकडाला शेपूट नावापुरतं, तोंड लाल. आपल्या माकडांहून चेहरा जास्त म्हातारा.

हा खेळ साठच्या दशकात जवळजवळ संपला होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी यामागुचीतल्या हिकारी गावात, त्याच समाजातल्या लोकांनी तो पुन्हा उभा केला, आमची कला म्हणून. आता मुलं-मुली नोकरी म्हणूनही शिकायला येतात. मी ठरवून आले होते की मला हे आवडणार नाही. मग माकड उंच बांबूच्या पायांवर चढलं, टकटक करत गोल फिरलं, आणि मी इतरांबरोबर टाळ्या वाजवल्या. मग 'चुकलो' म्हणत त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवून मान खाली घातली. सगळे हसले. मला हसू आलं नाही. दोन पायांवर सतत चालवलेल्या या माकडांच्या कण्याला माणसासारखा बाक येतो, हे जपानी संशोधकांनी तपासून नोंदवलंय. त्याची पाठ बघितली. होता.

दोरी पूर्ण वेळ सैल होती. मी चित्रवही काढली, पण हात चालेना. ती सैल दोरी सारखी हलत होती, कुठे पकडायची?

खेळ संपल्यावर माकडाने टोपली धरून फेरी मारली. मी हजार येनची नोट टाकली. त्याने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्याचं सगळं लक्ष तिच्या कमरेच्या थैलीकडे होतं, नायलॉनची, चेनची. फेरी पुरी झाली तशी ती खाली बसली. एका हातात टोपली, दुसऱ्या हाताने थैलीची चेन उघडायची होती, म्हणून तिने दोरी दातात धरली.